भरावावरचा एरिगल

एरिगल नावाचा डोंगर मी कधी पाहिलेला नाही. तो आयर्लंडात आहे, आणि माझी मजल इंदापूरच्या पुढं फार तर सोलापूरपर्यंत गेली. तरी आज कुणी हातात खडू दिला तर मी तो डोळे मिटून काढून दाखवीन. खाली रुंद, वर निमुळता. माथ्यावर शिखरं एक नाही, दोन. त्या दोघांच्या मधे एक धार, इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं फिरावं. वरचा निम्मा भाग उघडाबोडका, पांढऱ्या दगडगोट्यांचा. खाली हिरवं, आणि पायथ्याशी लांबट तळं. हे सगळं मला अकराव्या वर्षी पाठ होतं. तेव्हा, म्हणजे सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराला, आमच्या तालुक्यात हा डोंगर ओळखणारी माणसं दोनच असतील. एक मी आणि दुसरा कालव्याचा साहेब.

आमची पाच-सात घरांची वस्ती पिंपळी गावाच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या पलीकडे. वांगी, मिरची, गवार आणि थोडा ऊस. शाळा कालव्याच्या अलीकडे. आमच्या अंगणातून शाळेची कौलं दिसायची, घंटा ऐकू यायची, गुरुजी कुणाला ओरडले तर तेही कळायचं. पण जायचं म्हटलं तर पूल दीड कोसावर. म्हणून कुणीतरी बाभळीचा एक ओंडका कालव्यावर आडवा टाकला होता. कालव्याची माणसं तो काढून टाकायची, आमची माणसं परत टाकायची, आणि पोरं त्यावरून शाळेत जायची.

त्या वर्षी भादव्यात मी त्या ओंडक्यावरून पडले. पाय घसरला असं मी घरी सांगितलं, ते साफ खोटं. मी पोरांना दाखवायला उलटी चालत होते. अर्ध्यापर्यंत चालले, आणि मग पोरांकडं बघून मान ताठ केली, तिथंच घात झाला. पाटी इंदापूरच्या दिशेनं वाहत गेली, आणि मी तिच्या मागून जाणार एवढ्यात खाली धुणं धूत असलेल्या एका बाईनं माझी वेणी धरली. आज साठ वर्षं झाली, पण उलटं चालण्याचं मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मारलं नाही. त्यांनी जन्मात कधी माझ्यावर हात उगारला नाही. ते फक्त म्हणाले, "बास झाली शाळा. पूल हू दे, मंग जा."

पूल व्हावा म्हणून गुरुजींनी साहेबाकडं तीन अर्ज केले होते. तिन्ही वेळा उत्तर एकच, की कालव्यावर वाटेल तिथं पूल देता येत नाहीत. एका वस्तीला दिला तर दहा वस्त्या मागतील. म्हणजे माझी शाळा साहेबाच्या एका सहीवर अडली होती. मला अभ्यासाचं फार वेड होतं असं नाही. पाढ्यांचा मला कंटाळाच होता. पण सकाळी घंटा झाली की माझ्या बरोबरीचे पोरगे ओंडक्यावरून तुरुतुरु पलीकडे जायचे आणि मी मिरच्या खुडत बसायची. बोटं झोंबायची त्याहून जास्त ते झोंबायचं. मी कालव्याला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या द्यायची. आई म्हणायची, पान्याला काय कळतंय? पण देऊन जरा बरं वाटायचं.

माझा मामा कालव्याच्या बंगल्यावर माळी होता. त्यानं एकदा बंगल्यातली गोष्ट सांगितली. साहेबाच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एका डोंगराचं मोठं चित्र आहे, आणि साहेब रोज दिवेलागणीच्या आधी त्याच्यासमोर नुसता उभा राहतो.

"त्येला इंग्रज म्हनू नगंस हां," मामा म्हणाला, "लालभडक व्हतो. आयरिस हाय त्यो. आन् त्यो डोंगर म्हंजी त्येच्या कुलदैवताचा आसनार. न्हायतर रोज समोर उबा कशाला ऱ्हाईल?"

आम्हांला हे लगेच पटलं. आमच्याकडं माणूस डोंगराकडं तोंड करून उभा राहतो तो एकतर देवासाठी, नाहीतर हरवलेल्या शेळीसाठी. साहेबाकडं शेळ्या नव्हत्या. वर मामा म्हणाला की चित्रात डोंगराची एक बाजू गुलाबी आहे. मग तर शंकाच उरली नाही. गुलाल उधळल्याशिवाय डोंगर गुलाबी कसा होईल?

दिवाळी जवळ आली होती. आमच्या वस्तीची पोरं दर दिवाळीत कालव्याच्या कडेला मातीचा किल्ला करायची. किल्ला पोरग्यांनी करायचा आणि पोरींनी बघायचा, अशी रीत. मी पोरांना गाठलं आणि म्हटलं, "औंदा किल्ला न्हाय. औंदा सायबाचा डोंगर करायचा. त्याच्या देवाचा डोंगर बघितला की सायेब पूल देतोय का न्हाय बघा."

पोरांना पुलाचं काही पडलं नव्हतं. त्यांना ओंडका होता. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"आन् म्हाराज कुठं बसवायचं?"

"वरच्या शिखरावर."

"तोफा?"

"दुसऱ्या शिखरावर."

"मंग चालंल," पोरं म्हणाली.

साहेब इंदापूरकडं फिरतीवर गेल्याचं बघून मामानं मला फुलांची परडी देऊन बंगल्यात नेलं. मी खालच्या फरशीवर बसून उसन्या पाटीवर तो डोंगर काढला. चित्राखालची अक्षरं जशीच्या तशी उतरवून घेतली. गुरुजींनी ती वाचली, एरिगल. मग त्यांनी नकाशांचं पुस्तक उघडलं. त्यात आयर्लंड माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं होतं आणि त्यावर डोंगराचं नावही नव्हतं. त्यामुळं एक अडचण राहिली. चित्रात डोंगराची फक्त पुढची बाजू होती. पाठीमागं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरांनी तो प्रश्न चुटकीसरशी सोडवला. पाठीमागं पायऱ्या आणि चोरवाट. डोंगर म्हटला की त्याला चोरवाट असणारच.

चार दिवस आम्ही खपलो. शेतातली काळी माती वाळली की भेगा पडतात, म्हणून आम्ही कालव्याच्या भरावाची चिकट माती घेतली. तिच्यासारखी माती पंचक्रोशीत नाही. डोंगर माझ्या छातीपर्यंत आला. खालच्या अंगाला मोहरी पेरली, ती पाडव्याच्या आत हिरवीगार उगवली. वरच्या अंगाला माळावरच्या गारगोट्या वेचून थापल्या. तळ्यासाठी मी आईची परात आणली, आईला न विचारता. मामानं कुलदैवताचं म्हणून एक बोटभर उंचीचं मातीचं देऊळ करून माथ्यावर बसवलं. त्याच्या पुढं सिंहासनावर महाराज. मावळतीच्या बाजूला मूठभर गुलाल. शेवटी मी ज्वारीच्या धाटांचा एक पूल केला आणि परातीवर आडवा ठेवला.

"चित्रात पूल न्हाय," पोरं म्हणाली.

"चित्रात चोरवाट तरी कुठं हाय?" मी म्हटलं.

पाडव्याच्या सकाळी साहेब घोड्यावरून भराव बघत बघत आला. मामा मागून चालत होता. आमची सगळी बुद्धी डोंगरात गेली होती, त्यामुळं एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. साहेबाला सगळ्यात आधी दिसला तो खड्डा. आम्ही भरावातून माती काढली होती ना, त्याचा. कालव्याच्या साहेबाचा जीव भरावात असतो. भराव फुटला तर खालची सगळी शेतं वाहून जातील, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त दिवाळीच्या गडबडीत आम्ही ते विसरलो होतो.

"हा खड्डा कोणी केला?" साहेब गरजला. त्याचं मराठी परीक्षा देऊन शिकलेलं, आमच्यापेक्षा शुद्ध. "कालव्याचा बांध खोदणे हा गुन्हा आहे, हे तुम्हांस ठाऊक नाही काय?"

पोरं उसात पळाली. मामा घोड्याच्या आड गेला. मी मात्र जागची हलले नाही. मी शूर नव्हते, पण आईची परात तिथं होती, आणि ती न घेता घरी जाणं मला साहेबापेक्षा कठीण होतं. मी मट्कन खाली बसले आणि परात धरून ठेवली. परातीमागं डोंगर होता. साहेबानं माझ्याकडं बघायला मान खाली केली आणि तो त्याला दिसला.

तो घोड्यावरून उतरला. डोक्यावरची टोपी काढली. डोंगराला एक फेरी मारली, मग दुसरी.

"हे काय आहे?"

"तुमचा डोंगर," मी म्हटलं. "एरिगल."

साहेब मातीत खाली बसला. त्याच्या पांढऱ्या विजारीचं काय झालं ते मामानं पुढं आठवडाभर सांगितलं. पहिल्यांदा त्यानं दुसऱ्या शिखरावर अंगठा ठेवून ते थोडं दाबलं. "हे ठेंगणे पाहिजे," तो म्हणाला. मग खिशातला चाकू काढून दोन शिखरांमधली धार तासली. "इथून एका वेळी एकच मनुष्य जाऊ शकतो." मग त्यानं गारगोटी उचलून उन्हात धरली. "तिथेही याच जातीचा दगड आहे. तुम्हांस कसे कळले?"

आम्हांला काहीच कळलं नव्हतं, आम्हांला फक्त पांढरं पाहिजे होतं. पण मी मान हलवली.

साहेब ओरडत नाही हे बघून पोरं एकेक करून उसातून बाहेर आली. साहेब मोहरीवर हात फिरवत म्हणाला, "हिरवे बरोबर. तिथे बहुतेक रोज पाऊस पडतो."

"रोज?" एकानं विचारलं. "मंग कालवा कशाला?"

"कालवा नाहीच."

"मंग सायेब, तुमी कालवा शिकलासा कुठं?"

साहेब गुलालाकडं बघत होता. गुलाल देवाचा आहे हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, ही उन्हाची लाली आहे, सूर्य मावळताना तो दगड असा दिसतो. मामाचा चेहरा पडला. घोड्याआडून त्यानं हळूच विचारलं, "आन् देऊळ?"

"माथ्यावर देऊळ नाही," साहेब म्हणाला आणि ते बोटभर देऊळ त्यानं उचललं. पण टाकलं नाही. थोडा वेळ तळहातावर धरून बसला आणि परत होतं तिथंच ठेवलं. "आमच्या जुन्या भाषेत एरिगल म्हणजे प्रार्थनेची लहानशी जागा. असू द्या." मामानं आमच्याकडं असं बघितलं की जणू आयर्लंड त्याच्या आजोळीच होतं.

"आणि हे कोण?" साहेबानं सिंहासनाकडं बोट केलं.

"म्हाराज."

"ते तिथे काय करीत आहेत?"

"राखन," आमच्यातलं सगळ्यात लहान पोरगं म्हणालं. "इंग्रज वर आला की तोफ डागायची."

मामानं डोळे मिटले. पूल तर गेलाच, आता मामाची नोकरीही गेली असं मला वाटलं. साहेब त्या पोराकडं बघत राहिला आणि मग हसला. असा हसला की घोडा दचकून दोन पावलं मागं गेला. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि तोफेचं तोंड जरा खाली वळवून नीट लावलं.

तेवढ्यात त्याचं लक्ष परातीकडं गेलं. "हे चुकले. तळ्यावर पूल नाही."

"मंग पलीकडची पोरं शाळंत कशी जात्यात?" मी विचारलं.

"वळसा घालून. मीही तसाच जात असे."

"लांब?"

"लांब. थंडीत पाय बधिर होत."

"तुमच्या सायबानं पूल का न्हाय बांधला?"

"मागितला होता," तो म्हणाला. "आमचा साहेब इंग्रज होता."

साहेबालाही साहेब असतो हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला मात्र दुसरंच काही सुचलं, आणि सुचलं की तोंड आवरायची मला कधीच सवय नव्हती.

"आमचा सायेब तर आयरिस हाय," मी म्हटलं.

साहेबाचं हसू गेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कालव्याकडं, मग ओंडक्याकडं. कालव्याची माणसं जवळ असती तर त्यांनी तो ओंडका तेव्हाच काढला असता. हाकाटी ऐकून आबा, आई आणि वस्तीवरची माणसं तोवर धावत आली होती. आबांनी लांबूनच हात जोडले.

"तू शाळेत जातेस काय?" साहेबानं मला विचारलं.

"जात व्हते. आता आबा म्हनत्यात, पूल झाला की जायचं."

"खरे काय?" साहेबानं आबांना विचारलं.

सगळी वस्ती बघत होती. आबांनी फेटा सारखा केला. "व्हय सायेब. पूल झाला की पोरगी शाळंत. शबूद हाय माजा."

साहेब उठला. विजार झटकली, पण त्याचा उपयोग नव्हता. "संध्याकाळपर्यंत खड्डा भरा. माती ठोकून बसवा," एवढं म्हणून तो घोड्यावर बसला आणि निघून गेला. त्यानं मागं वळून बघितलं का, असं आम्ही मामाला पुढं कितीदा तरी विचारलं. मामा दर वेळी वेगळं सांगायचा.

खड्डा भरायला माती कुठली आणणार? डोंगराचीच. दुपारभर आम्ही एरिगल फोडला. मोहरी, गारगोट्या, पायऱ्या, चोरवाट सगळं भरावात गेलं आणि आबांनी वरून धुम्मसानं ठोकून ते बसवलं. महाराज आणि देऊळ तेवढं मामानं उचलून नेलं. परातीला पोचे आले होते, त्याबद्दल मला आईचे दोन धपाटे बसले.

त्यानंतर काहीच झालं नाही. कार्तिक गेला, संक्रांत गेली. रोज घंटा व्हायची. साहेब भरावावरून जायचा, पण वस्तीकडं बघायचा नाही. मामाला काही विचारलं की तो म्हणायचा, सायेब काई बोलत न्हाय, चित्रासमोर उबा बी ऱ्हात न्हाय. मग मला भीती वाटली की आपण उगाच त्याला काहीतरी लागेलसं बोललो. मी शिव्या द्यायच्याही सोडल्या. आबांना मी एकदा विचारलं, "पूल व्हनार का?" ते म्हणाले, "सायबाच्या मनात आसंल तर व्हईल," आणि मोटेकडं निघून गेले.

चैत्रात दुरुस्तीसाठी कालव्याचं पाणी बंद केलं. तिसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या भरून घडीव दगड आले. गवंड्यांनी कोरड्या कालव्यात दोन खांब उभे केले आणि वर सागाच्या फळ्या टाकल्या. साहेब एकदा येऊन बघून गेला. कालव्यात पाणी परत आलं तेव्हा ओंडका कुणी काढायच्या आधीच पोरांनी स्वतः उचलून चुलीसाठी नेला. मी त्या पुलावरून दिवसातून वीस वेळा इकडून तिकडं गेले, सरळ चालत.

शाळा उघडली त्या दिवशी आबांनी धुतलेला फेटा बांधला. मला म्हणाले, "चल, मी येतो." वस्तीवरची सगळी माणसं पुलाच्या तोंडाशी उभी होती. आबांनी माझा हात धरला. पुलाच्या मधोमध आल्यावर ते थांबले. खाली पाणी भरून वाहत होतं. आबा पाण्याकडं बघत, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "सायेब पूल देईल आसं मला वाटलंच न्हवतं बग."

मला आधी कळलं नाही.

"वाटलं आसतं तर शबूद दिला नसता," ते म्हणाले. "पोरीच्या जातीला शाळा कशाला, हेच डोस्क्यात व्हतं. तुला न्हाय म्हनायचं जिवावर आलं, म्हनून पुलाचं नाव पुढं केलं."

मला इतका राग आला की हात हिसकून घ्यावासा वाटला. कित्येक महिने मी कालव्याला शिव्या दिल्या, साहेबाला दिल्या, तिन्ही अर्जांच्या उत्तरांना दिल्या, आणि माझी वाट अडवणारं माणूस घरात माझ्याच ताटाशेजारी जेवत होतं. मी हात ओढलासुद्धा. पण आबांनी सोडला नाही. पलीकडं घंटा झाली. ते म्हणाले, "चल, उशीर व्हतोय," आणि माझ्यापेक्षा भराभर चालायला लागले.

शाळेच्या दारात गुरुजी उभे होते. आबांनी मला त्यांच्यापुढं केलं, फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, हिचं नाव परत लिवा. आन् पुढं कवा मी काडाया आलो, तरी काडू नगा."